गडग्यावरची करवंटी

भुतांना दुपारी चार वाजता, चहाच्या वेळेला, घरी बोलावणारा माणूस अख्ख्या कोकणात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. रत्नागिरीत भुतांना तोटा नाही. प्रत्येक वाडीला आपापला देवचार आहे, प्रत्येक जुन्या विहिरीला आपापली हडळ आहे. पण त्यांना रीतसर निमंत्रण देऊन, खिडक्यांवर घोंगड्या टांगून, भर उन्हात अंधार करून, कोकमाच्या रंगाची रमची जेली खाऊ घालणं हे मामांनाच सुचलं. 'दुपारी कशाला?' असं कुणी विचारलं की ते गंभीर होऊन म्हणत, "रात्र ही त्यांची कामाची वेळ. आपण मधे कशाला पडा?" खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. मामा भुतांना भयंकर घाबरत. दिवेलागणीनंतर ते न्हाणीघरातसुद्धा मामींना दाराशी उभं करून जात.

मामा बोटीवर चीफ कुक होते. मी त्यांचा भाचेजावई झालो त्याच वर्षी ते कायमचे उतरले आणि खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या घरात राहायला आले. तीस वर्षं साठ माणसांचा स्वयंपाक केलेल्या माणसाला दोघांचा स्वयंपाक येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सोलकढी केली ती शेजारच्या चार घरांना पुरून वर गुरांच्या घमेल्यात गेली. मामींनी त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं, आणि वर्षातून एकच दिवस तिथे शिरायची परवानगी दिली: ऑक्टोबरचा शेवटचा दिवस. बोटीवर साहेबलोक त्या दिवशी भुतांची सोंगं घेऊन पार्टी करत आणि मामा त्यांच्यासाठी दारूची जेली लावत. ती पार्टी मामांनी बोटीवरून थेट रत्नागिरीत उतरवली. 'आमच्यात पितृपक्ष असताना हे कशाला?' असं मामी म्हणाल्या, तेव्हा मामांनी दिलेलं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "अगो, पितृपक्षात घरची माणसं येतात. बोटीवरच्या माणसाला वेळेवर रजा मिळते काय कधी? ज्याचा पितृपक्ष हुकला त्यानं कधी यायचं?"

जेलीच्या बाबतीत मामा सोवळ्यातल्या भटजीपेक्षा कडक होते. चायनाग्रास चालणार नाही, जिलेटिनच पाहिजे. चायनाग्रासची जेली म्हणे सुरीनं कापावी लागते, थरथरत नाही, आणि न थरथरणारं भूत कुणाला दाखवायचं? जिलेटिन हाडांचं असतं हे कळल्यावर मामींनी त्याच्यासाठी वेगळं पातेलं दिलं आणि वर्षभर ते न्हाणीच्या माळ्यावर ठेवलं. आधी जिलेटिन गार पाण्यात फुलवायचं, मग उकळत्या कोकमाच्या पाण्यात विरघळवायचं, आणि मग थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. मामा पातेल्यात करंगळी बुडवून डोळे मिटून उभे राहत, आणि करंगळीला काही वाटेनासं झालं की मगच रम ओतत. गरम पाण्यात ओतली तर रम उडून जाते, उरतं ते लहान मुलांचं सरबत. जास्त ओतली तर जेली बसत नाही. मग घासून लख्ख केलेल्या करवंट्यांत ते मिश्रण जायचं, प्रत्येकीत डब्यातली एक लिची आणि लिचीच्या पोटात काळी मनुका. गार झाल्यावर प्रत्येक करवंटीतून एक एक डोळा रक्तातून आपल्याकडे बघायचा. फ्रीजमधली सुरमई त्या दिवशी शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जायची.

पाहुणे ठरलेले. निवृत्त पोस्टमास्तर वेताळ होऊन यायचे, म्हणजे बायकोची घोंगडी पांघरून. बंदरावरचे एक जुने सारंग, खलाशांचे मुकादम, खवीस व्हायचे. त्यांना सोंग करावं लागत नसे, नुसती कवळी काढली की पुरे. मामा स्वतः मुंजा. चार नातवंडांचा आजोबा आणि मुंजा! डोक्यावर केस नसल्यामुळे शेंडी ते काळ्या दोऱ्यानं कानाला बांधत. मामींना कुणी विचारलं, "तुम्ही काय होणार?" तर त्या म्हणत, "मला सोंग कशाला? मी भुताशी संसार करत्येय, तो पुरे नाही?" सहाच्या ठोक्याला सगळी भुतं चपला घालून आपापल्या घरी. ती गेली की मामा एक शेवटचा विधी करत. एक भरलेली करवंटी फाटकालगतच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीवर, नेऊन ठेवत, हात जोडत, आणि मागे न बघता घरात येऊन दार लावून घेत.

आता मला जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं बायकोलाही सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी मी नवा जावई. सासरच्या माणसांसमोर रम कशी खायची? 'मी घेत नाही' म्हणून टाकलं आणि दोन तास सगळ्यांच्या करवंट्यांकडे बघत बसलो. निघताना बायको मामींशी बोलत मागे राहिली. मी फाटकाशी आलो तर गडग्याच्या चिऱ्यावर एक करवंटी. त्या विधीचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं; वाटलं, कुणीतरी नको म्हणून ठेवली. दोन घासांत संपवली, बोटंही चाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा फोन. "जावयबापू, आला होता हो! सगळं खाल्लंन! करवंटी अशी, की घासायला नको!" मग त्यांनी सांगितलं. बोटीवर त्यांच्या हाताखाली पावस गावचा एक दोस्त होता, ही जेली त्यानंच मामांना शिकवलेली. एका पार्टीला त्यानं घाईघाईत गरम पातेल्यात रम ओतली. साहेबांनी मामांना बोल लावले, आणि मामा सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." पुढच्या बंदरावर तो दुसऱ्या बोटीवर गेला आणि तिथेच वारला. "आणि मेल्यानं खरंच नाय हो दाखवलंन," मामा म्हणाले. "पण काल आला. म्हणजे राग नाय त्याच्या मनात."

मी म्हणालो, "वा, बरं झालं."

अशी अकरा वर्षं मी ती करवंटी खाल्ली. दर वर्षी पार्टीत 'घेत नाही' म्हणायचं आणि निघताना अंधुक उजेडात गडग्याशी उभं राहून मेलेल्या माणसाच्या वाटणीचं खायचं. एकदा मला कावीळ होऊन गेली होती, तरी खाल्लं. एकदा पोस्टमास्तरांनी सुचवलं, श्राद्धाला पितरांची वाडी ठेवतात तशी ही सकाळी ठेवा, कावळा शिवेल. मामा उसळले, "कावळ्याला काय कळतं? तो कुणाच्याही पानाला शिवतो. रम ओळखायला जाणकार लागतो." मी खाली मान घालून चहा पीत होतो. दुसऱ्या दिवशीच्या सातच्या फोनची मी मिरजोळ्याला कारखान्यात जाण्याआधी वाट बघत बसायचो. तेवढा आनंद मी दुसऱ्या कुणालाही कधी दिलेला नाही.

बाराव्या वर्षी मामा रंगात आले होते. जेलीची करवंटी हलवत माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आमच्या जावयबापूंकडे बघा! सोवळे! जेलीपेक्षा तेच जास्त थरथरतात!" सगळी भुतं हसली. माझी बायकोसुद्धा. एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं नाही. पण मी निघताना गडग्यापाशी थांबलो, करवंटीकडे बघितलं, आणि न खाता गाडी सुरू केली. वाटेत स्वतःला सांगितलं की आता हा खोटेपणा पुरे, माणसानं पन्नाशीकडे झुकताना तरी खरं वागावं. ते तत्त्व नव्हतं. तो राग होता. मामांनी एका दोस्तावर काढला होता तसलाच, तेवढाच क्षुल्लक.

सकाळी सातला फोन आला नाही. नऊला मामींचा आला. "अहो, जरा येऊन जा. हे गडग्याशी बसलेत, चहाला उठत नाहीत."

मामा खुर्ची घेऊन बसले होते. करवंटीला मुंगळे लागले होते. लिचीचा डोळा सगळं बघत होता.

"नाय आला," मामा म्हणाले.

"रजा मिळाली नसेल, मामा."

"अकरा वर्षं मिळाली, ती?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "राग होताच त्याच्या मनात. मीच उगाच समजूत करून घेतली."

माझ्या तोंडात त्या वेळी दोन वाक्यं होती. 'मामा, ती मी खात होतो' हे एक, आणि ते बोललो असतो तर मामांची ती अकरा वर्षंही पुसली गेली असती. दुसरं होतं, 'चला मामा, चहा गार होतोय.' मी आयुष्यभर जे केलं तेच केलं, दुसरं बोललो. पुढच्या ऑक्टोबरात पातेलं माळ्यावरून उतरलं नाही. मामा जेवणात काही नावं ठेवेनासे झाले, तेव्हा मामी घाबरल्या. दोन वर्षांनी, पावसाळ्यात, मामा झोपेतच गेले. मी त्यांना सांगितलं नाही ते नाहीच.

या वर्षी ऑक्टोबर संपताना मामींनी फोन केला. "ते पातेलं काढलंय मी. तुम्हाला जमेल काय?" मी रजा टाकून गेलो. पातेल्यात करंगळी बुडवून डोळे मिटून उभा राहिलो. मागून मामी म्हणाल्या, "घाई नको. हे फार वेळ थांबायचे." खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या नाहीत, पाहुणे बोलावले नाहीत. संध्याकाळी गडग्यावर दोन करवंट्या ठेवल्या, एक पावसच्या दोस्ताची आणि एक मामांची. हात जोडले, मागे न बघता आत आलो. रात्री तिथेच झोपलो. खरं सांगतो, या वेळी मी हात लावला नाही. एकदा तरी, कुणीतरी, खरंच येऊन खावं असं मला फार वाटत होतं.

सकाळी बाहेर आलो. दोन्ही करवंट्या काठोकाठ भरलेल्या. दोन्ही डोळे माझ्याकडे बघत होते. मामांना त्या सकाळी काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

पडवीतून मामींचा आवाज आला. त्यांना आता लांबचं दिसत नाही. "खाल्लं का हो ह्यांनी?"

"खाल्लं, मामी," मी म्हणालो. "दोघांनीही. चाटूनपुसून."

आणि पडवीकडे पाठ करून, दोन-चार मुंगळे बोटानं उडवून, मी उभ्या उभ्या दोन्ही करवंट्या संपवल्या. रम उडाली नव्हती. जेली चांगली बसली होती. मामा म्हणाले होते ते मात्र खरं होतं, तिच्यापेक्षा मीच जास्त थरथरत होतो.

"बरं झालं," पडवीतून मामी म्हणाल्या. "हात धुऊन या मग. चहा टाकलाय."