बंद रेकॉर्डरची रेघ

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. काळेवाडीत स्मशानालगतची खोली हवेशीर आहे म्हणून खुशाल घेतलेली बाई आहे मी! पण हे घडलं ते सकाळच्या लख्ख उजेडात, चाकणच्या आमच्या छोट्या कंपनीत, माझ्या डोळ्यांदेखत...

आम्ही तापमानाचे अलार्म बनवतो. त्या वेळचा अलार्म अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पंपासाठी होता. जुन्या पद्धतीच्या संगणकांची तारीख १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८.४४ ला, उलटून थेट १९०१ वर जाते. म्हणून घड्याळ मुद्दाम पुढे नेऊन टेस्ट करायची, आणि पास झाला की सही माझी. बाकीच्या भट्टीचं अणुभट्टीवाले बघतील. माझ्या टेबलावरचं मला बघायचं होतं.

त्या दिवशी खंडेनवमी. पूजा आटोपली की माल निघणार होता. आमचे सगळ्यात जुने फिटर लांडगे काका. त्यांनी कोपऱ्यातल्या बंद रेकॉर्डरलाही हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. कागदावर पेनाने तापमानाची रेघ काढणारं ते मशीन... वायर कापलेली, शाई कधीचीच वाळलेली.

"काका, ते मेलंय की!"

"म्हातारी माणसं काय फेकून देतो व्हय आपण? आन आता हात लावू नको पोरी, पूजा झालीय."

मी टेस्ट लावली. पुढे नेलेल्या घड्याळात ८.४४ होऊन गेले. स्क्रीन हिरवी, आकडा स्थिर. पास! सहीसाठी पेन उघडलं, तोच कोपऱ्यातून कर्र... कर्र... रेकॉर्डरचं पेन चालत होतं. ओली निळी रेघ, वर वर चढणारी. बटणावरचं कुंकू मात्र जसंच्या तसं.

घाबरले मी, खोटं कशाला बोलू. पण मग मला जिद्द चढली. तापमान खरंच चढलं तर आकडा हलतो का बघू म्हणून चहासाठी उकळत ठेवलेल्या पाण्यात अलार्मचा सेन्सर बुडवला. स्क्रीन? हिरवीच! तारीख उलटताच आकडा जागीच अडकला होता.

साहेब वैतागले. "अगं, २०३८ ला किती वेळ आहे! तोवर मी रिटायर. गाडी उभी आहे, सही कर."

"सर, तुम्ही रिटायर व्हाल, भट्टी चालूच असेल. मी सही करणार नाही."

गाडी रिकामी गेली. महिनाभर मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या हात धुऊन मागे लागले. पुन्हा टेस्ट घेतली तेव्हा उकळत्या पाण्यात अलार्म असा कोकलला, की कँटीनमधून माणसं धावत आली. मी आधी कोपऱ्यात पाहिलं. रेकॉर्डर गप्प. मग सही केली.

बिघाडाचं कारण सापडलं, रेघेचं आजही नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा. तोवर दर सहीआधी मी कोपऱ्यात बघणार... आणि ते कबूल करायला आता लाजतही नाही.