‘बसा’ म्हणणारा माणूस

बंगळुरात मारतहळ्ळीच्या पुलामागच्या गल्लीतलं ते हॉटेल आमच्या ऑफिसनं शोधलं होतं. खाली चष्म्यांचं दुकान, वर खोल्या. पुण्याहून आम्ही तिघं संध्याकाळी पोचलो. मी, विक्रीतला माझा सहकारी आणि डिझाइन विभागातल्या एक बाई. बाईंना वेगळी खोली, आम्हा दोघांत एक.

नाश्त्याचे पैसे वेगळे पडतील, असं काउंटरवरच्या माणसानं सांगितलं. मी बॅग उचलली आणि काचेच्या दाराकडे निघालो. सहकाऱ्यानं मागून येऊन माझा दंड धरला. "सर, बसा. तुम्ही बसा, मी बोलतो." मग तो काउंटरवर जाऊन हळू आवाजात हिंदीत म्हणाला, आमचे सर जरा तापट आहेत, तेवढं सांभाळून घ्या. काउंटरवरचा ‘सरी, सर’ म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’, आणि नाश्ता भाड्यात बसला. बाई हसल्या. त्यांनी हे पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आमची ही जुनी रीत. उठायचं मी, बसवायचं त्यानं. मीच त्याला ते शिकवलं. मी या कंपनीत गोडाऊनमध्ये खुर्च्या उतरवायला लागलो होतो. सौदा करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. समोरचा अडून बसला की मी उठतो, आणि खरा संतापून उठतो, ते मला जड जात नाही. अवघड काम बसवणाऱ्याचं. लवकर ‘बसा’ म्हटलं तर नाटक वाटतं, उशीर झाला तर माणूस दाराबाहेर. त्याची वेळ कधी चुकली नव्हती.

या वेळचं काम मोठं होतं. रिंग रोडवरच्या एका आयटी कंपनीच्या नव्या इमारतीत सगळी टेबलं-खुर्च्या आमच्या लागणार होत्या. हा सौदा मी आणला की दक्षिणेची सगळी विक्री माझ्याकडे, असं पुण्याच्या आमच्या साहेबांनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

खोलीत दोन पलंग एकमेकांना चिकटवून वर एकच मोठी चादर घातली होती. नेहमीप्रमाणे आम्ही दोन्ही टोकांना उभे राहून ते वेगळे केले. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर भिंत.

सकाळी नाश्त्याला केसरीबात, म्हणजे तिकडचा शिरा होता. तो खाता खाता सहकारी म्हणाला, "सर, आज उठू नका. ही माणसं वेगळी आहेत. इथं उठलं की उठलंच."

"मी उठेन. तू तुझं काम कर," मी म्हणालो.

तो ताटलीत बघत राहिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. समोरच्याच्या खांद्यांच्या हालचालीवरून मी त्याचा शेवटचा भाव ओळखतो, म्हणून तर इथवर आलो.

मीटिंगमध्ये त्यांच्या खरेदी विभागाच्या प्रमुख बाई होत्या. आवाज मऊ, पण भाव वाढवायला तयार नाहीत, वर फुकट दुरुस्तीची मुदत वाढवून मागत होत्या. मी फाइल मिटली, खुर्ची मागे सरकवली आणि उठलो. दाराकडे चालत गेलो. दंडावर हात आला नाही. दार खूप हळू उघडलं मी. मागून कुणी काही म्हणालं नाही. बाहेर लिफ्टजवळ उभा राहिलो. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली. परत आत जाऊन बसायचं, तर उठण्याला किंमत काय राहते? मी खाली गेलो आणि रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मागितले तेवढे दिले.

हॉटेलात आलो तर खोली झाडून पलंग पुन्हा जोडून ठेवले होते. त्या जोडावर मी बूट न काढता बसून राहिलो. राग येईल म्हणून वाट पाहिली. माझा राग मला कधी वाट पाहायला लावत नाही. त्या दिवशी आलाच नाही. मी एसी चालू केला, बंद केला. खिडकीतून भिंत पाहिली.

अंधार पडता पडता सहकारी आला. सौदा झाला, म्हणाला. कोणत्या भावाला ते मी विचारलं नाही. त्यानं टाय काढून खुंटीला लावला आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलला.

"साहेबांनीच सांगितलं होतं, सर. तुम्ही उठलात तर उठू द्यायचं."

"कधी?"

"निघायच्या आधी."

"आणि दक्षिण?"

तो पलंगाच्या त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मीही उठलो. दोघांनी मिळून पलंग वेगळे केले, फरशीवर पलंगांचे पाय घासल्याचा आवाज झाला, आणि आम्ही दिवा घालवला.

सकाळी निघताना बिलात दोन्ही दिवसांचा नाश्ता लावलेला होता. काउंटरवरचा माणूस बदलला होता. असं काही ठरल्याचं आपल्याला माहीत नाही, असं तो म्हणाला. डिझाइनच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसता उभा होतो.

मग सहकाऱ्यानं बॅग उचलली. चेहरा लाल करून तो दाराकडे निघाला. पावलं माझ्यासारखीच टाकत होता, एक जड, एक हलकं. काचेशी पोचल्यावर त्याचा वेग कमी झाला. त्याला हाक मारायची वेळ नेमकी तीच होती. माझ्याइतकी ती कुणाला ठाऊक नाही.

मी खिशातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

तो दाराच्या मुठीला हात लावून, पाठमोरा, तसाच थांबला होता. बिलाचा कागद मशीनमधून बाहेर येईपर्यंत.