पुढच्या ब्रेकची तार

रविवारी प्रतिपदा किंवा अष्टमी आली की आम्ही दोघे भाऊ सायकली काढायचो. एरवीच्या रविवारी दादाला सवड नसे. तो वेदपाठशाळेत शिकवतो, आणि तिथली सुट्टी वारावर नाही, तिथीवर असते. मी बँकेतला, माझी सुट्टी वारावर. दोन्ही एका दिवशी जुळायच्या म्हणजे पंचांग आणि बँकेचं कॅलेंडर शेजारी मांडून बसावं लागे. वहिनी म्हणायची, "लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढा बघितला नव्हता तुम्ही लोकांनी."

वेड मूळचं माझं. पन्नाशीला टेकल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि गंगेच्या पंचगंगा घाटावरच्या गल्ल्यांत चालणं हा काही व्यायाम नव्हे, ती दर दोन पावलांना कुणाची तरी मागितलेली माफी असते. मला मोकळी वाट हवी होती. ती गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे सापडली. नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने जाणारी कच्ची पटरी, मुरूम आणि बारीक खडी, ट्रक नाही, टेम्पो नाही, हॉर्न नाही. पुढे चकियाकडचे डोंगर लागतात आणि पळस-मोहाचं जंगल सुरू होतं. रुंद टायरची सायकल असली की दिवसभर कुणाला वाट न देता, न मागता जाता येतं.

नाशिकचा माझा मेहुणा फोनवर द्राक्षमळ्यांतून सायकल चालवतानाचे फोटो पाठवतो. आमच्याकडे वेल म्हणजे पानाची. पटरीला लागून दोन-तीन बरेजे आहेत, म्हणजे सरकंड्यांच्या काड्यांनी चहूबाजूंनी आणि वरूनही झाकलेले पानमळे. बाहेरून लांबट झोपडी, आत हिरवा अंधार आणि ओळींनी चढलेल्या वेली. आत जायचं तर चपला बाहेर आणि पाय धुतलेले. मालक आधी पायांकडे बघतो, मग तोंडाकडे.

दादा पहिल्यांदा आला तो माझी थट्टा करत. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःची सायकल घेतली. निर्मनुष्य पटरीवर तो मोठ्याने संथा म्हणत जायचा. आमच्या वेदशाखेत स्वर नुसता गळ्याने म्हणत नाहीत, हाताने दाखवतात. उजवा हात वर, खाली, बाजूला. पाठशाळेतली मुलं गुरुजींच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघून शिकतात. तेव्हा दादाचा डावा हात हँडलवर आणि उजवा हवेत. बकऱ्या चारणाऱ्या बायका थांबून बघायच्या. एकदा एकीने मला विचारलं, "ई बाबा केके बोलावत हउअन?" हा बाबा कुणाला बोलावतोय? मी म्हटलं, "देवाला." ती म्हणाली, "त सुनत नाहीं का, एतना जोर से?"

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

पुलावरची गर्दी टाळायला आम्ही घाटावरूनच मोटरच्या नावेने रामनगरला जायचो. आमचा नावाडी उभी सायकल नावेत घेत नसे. त्याचा नियम होता, "खड़ी रही त सवारी, लेटी रही त सामान." आडवी ठेवली तरी जागा पुरावी म्हणून पुढची चाकं काढावी लागत. रुंद टायर ब्रेकच्या रबरांमधून निघत नाही, म्हणून आधी ब्रेकची तार हुकातून सोडवायची. पलीकडे उतरलं की चाक बसवायचं आणि तार पुन्हा हुकात अडकवायची. दोन सेकंदांचं काम आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात, रामनगरच्या किनाऱ्यावर, दादा स्वतःचं चाक बसवायला वाकला. मी म्हणालो, "राहू दे, तुला नाही जमायचं." दोन्ही चाकं मीच बसवली. मधेच बँकेतून फोन आला. बोलत बोलत मी माझी तार अडकवली. त्याची राहिली.

पटरीवर काही कळलं नाही. सपाटीला तो डाव्या हाताने मागचाच ब्रेक लावायचा, उजवा हात तर संथेत. डोंगरात एक लांब उतार आहे, शेवटी वळण. मी आधी उतरून खाली थांबलो होतो. तो वळणावर आला, मागचं चाक घसरलं, त्याने उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला आणि सरळ झुडपात गेला. उजवा हात टेकून दगडांवर पडला.

मी धावत वर गेलो. आधी सायकल दिसली. तार लोंबत होती. दादाचे डोळे मिटलेले होते. मी आधी तार अडकवली आणि मग भावाला उठवलं. या क्रमाची मला जितकी लाज वाटते तितकी विसरण्याची वाटत नाही.

तो म्हणाला, "मी दाबला रे ब्रेक. हाताला काही लागलंच नाही. हात मेल्यासारखा झाला."

मी त्याच्यासमोर ब्रेक दाबून दाखवला आणि म्हणालो, "सायकल तर ठीक आहे."

मनगटाचं हाड दीड महिन्यात जुळलं. बोटं पूर्वीसारखी वळू लागली. नसा तपासल्या, डॉक्टर म्हणाले, काही नाही. पण दादाचा हातावरचा विश्वास गेला. पडण्याच्या आधी हात मेला होता, असंच त्याच्या मनाने घेतलं. भरलेली कळशी तो डाव्या हाताने उचलू लागला. मुलांपुढे बसला की मधेच थांबून स्वतःच्या हाताकडे बघायचा, आणि मुलं गोंधळायची. माझ्याजवळ एक वाक्य होतं, त्याने तो बरा झाला असता. दर आठवड्याला मी त्याच्याकडे जायचो, चहा प्यायचो आणि ते वाक्य तसंच घेऊन परत यायचो. वहिनी म्हणायची, भावजी किती करतात यांचं.

गेल्या कार्तिकात तो म्हणाला, पौर्णिमेनंतर वर्ग दुसऱ्याकडे सोपवतो. "चुकीचा हात बघून मुलं चुकीचं शिकतील. ते पाप कोण घेणार?"

मधे एक अष्टमी रविवारी येत होती. मी म्हटलं, "दादा, एकदा चल."

"आता कशाला?"

"चल तर खरं."

वहिनी माझ्याशी नीट बोलली नाही, पण तो आला. नावेतून उतरल्यावर मी त्याच्याकडून चाक बसवून घेतलं आणि तार तपासली. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. पटरीवर त्याने संथा म्हटली नाही. बरेज्यापाशी पाणी प्यायला थांबलो तेव्हा मालकाने त्याला ओळखलं. "गुरुजी, बहुत दिन पर. गला बइठ गयल का?" दादा नुसता हसला. मालकाने चार पानं धुवून हातावर ठेवली. दादाने ती डाव्या हातात घेतली, आणि तो जुना माणूस बिचकला. देण्याघेण्यातला डावा हात त्याला रुचला नसावा. दादाने ते बघितलं.

डोंगरातल्या त्या उताराच्या माथ्यावर दादा सायकलवरून उतरला आणि हातात धरून चालत खाली निघाला. सायकल डावीकडे, उजवा हात छातीशी. सात-आठ पावलं गेला असेल.

मी म्हणालो, "दादा, हात मेला नव्हता. ब्रेकची तार सुटलेली होती. मी लावायला विसरलो होतो. तू पडलास तेव्हा मी ती गुपचूप लावली."

तो थांबला. सायकल माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "दाखव."

मी त्याच्या सायकलची तार हुकातून सोडवली. त्याने उजव्या हाताने ब्रेक दाबला. दांडी मऊ पडून हँडलला टेकली. त्याने सोडली, पुन्हा दाबली. दहा-बारा वेळा. पळसाखाली उभा राहून माझा भाऊ एक निकामी ब्रेक दाबत होता आणि त्याचा चेहरा उजळत होता. "हेच. हेच लागलं होतं हाताला. अगदी हेच."

मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तो उजेड गेला.

"तू दर आठवड्याला चहा प्यायला यायचास."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, मला लकवा तर नाही ना होणार. तू म्हणालास, डॉक्टरवर विश्वास ठेव."

"हो."

"गाढवा," तो म्हणाला. साठीच्या माणसाने पन्नाशीच्या माणसाला, अगदी शांतपणे. "विसरायला कुणीही विसरतो. पण तू माझा हात माझ्यापासून चोरलास."

त्याने तार स्वतः अडकवली, दोनदा ओढून बघितली आणि सायकलवर बसला. मला थांब म्हणाला नाही, ये म्हणाला नाही. वळणावर त्याचा वेग कमी झालेला मला वरून दिसला. पुढचा ब्रेक लागला होता. तो वळला, जंगलात दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला. संथेचा नव्हे. तो मला नावाने हाक मारत होता, चिडून, उशीर होतोय म्हणून.

परतीच्या नावेत तो एकच वाक्य बोलला, "तुझ्या वहिनीला तू सांगायचंस. माझ्यासमोर." मी सांगितलं. ती ऐकून आत गेली, आणि त्या दिवशी त्या घरात मला पहिल्यांदाच चहा मिळाला नाही.

वर्ग त्याने सोडला नाही. पौर्णिमा होऊन गेली, दुसऱ्या दिवशीची प्रतिपदाही गेली, आणि द्वितीयेला तो पहाटे नेहमीसारखा पाठशाळेत गेला. माझ्याशी महिनाभर बोलला नाही. माफ केलं असं त्याने अजून म्हटलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. वहिनी हळूहळू माझ्याशी बोलू लागली आहे, भाजी महाग झाल्याचं वगैरे. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

काल संध्याकाळी दादाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, "फाल्गुनात एक अष्टमी रविवारी येते. बँक बंद आहे का बघ." मी कॅलेंडर न बघताच हो म्हणालो. तो म्हणाला, "बघून सांग. तुझ्या 'हो'वर मी आता जात नाही."

मी उठलो, कॅलेंडर काढलं, आणि बघून सांगितलं.