बिस्किटांचे पतंग

"कडा बघा हो, कडा!"

ओव्हनमधून ट्रे बाहेर आला की आमचे शेजारी वकीलकाका एक बिस्किट उचलत, डोळ्यांसमोर आडवं धरत आणि नखानं त्याची कड तपासत. निवृत्तीनंतर कोणी नातवंडं खेळवतं, कोणी पेपर पाठ करतं, तुम्हीही पाहिलं असेल. आमचे काका बिस्किटांची उलटतपासणी घेत.

बिस्किटं पतंगाच्या आकाराची. हैदराबादेत संक्रांतीला आभाळ पतंगांनी भरतं, म्हणून काकू हळदीकुंकवाला वाण म्हणून पतंगच लुटत. काकांनी भाजायचं आणि काकूंनी साखरेच्या आयसिंगनं रंगवायचं, अशी वाटणी होती.

पतंगाचं टोक जरा पसरलं की काकांचा पारा चढे. त्यांनी पिठातून सोडा हद्दपार केला होता. कापलेली बिस्किटं ते ट्रेसकट फ्रिजमध्ये ठेवत, म्हणजे लोणी घट्ट होतं आणि भाजताना आकार मोडत नाही. त्यापायी दुधाचं पातेलं बाहेर राही.

"दूध नासलं की हो," काकू म्हणत.

"नासू दे. पतंग नै ना नासला?"

एकदा मी चिडवलं, "काका, तोंडात टाकताना कोपरे कोण बघतं?"

काकू बाहेरच्या खोलीत आयसिंगचा कोन भरत होत्या. काकांनी तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिचा हात थरथरतो आता. कड नीट असली की बघणाऱ्याची नजर कडेवर राहते. रेघेकडे नै जात."

त्यानंतर वाण हातात पडलं की मी सगळ्या बायकांत मोठ्यानं कडांचंच कौतुक करू लागले.

मग काकू गेल्या. पुढच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी काका ट्रे घेऊन माझ्या दारात उभे. "तिचं वाण बंद नक्को पडायला, ताई. तुमच्या हळदीकुंकवात लुटा. रेघा तेवढ्या तुम्ही काढा."

मी जीव ओतून रेघा काढल्या. काका शेजारी खुर्ची ओढून बघत बसले. "सुरेख," म्हणाले. थोड्या वेळानं चाचरत म्हणाले, "फारच सरळ आल्या हो. जरा हात हलवून काढता का?"

मी काढून पाहिल्या. पण मुद्दाम आणलेली थरथर खोटीच दिसते. दोन पतंग बिघडवले आणि माझेच डोळे भरून आले.

काकांनी माझ्या हातून कोन घेतला. उभ्या जन्मात त्यांनी आयसिंगला हात लावला नव्हता. वयानं म्हणा, रडू दाबल्यानं म्हणा, त्यांचा हात हलत होता. रेघ हेलकावत खाली आली आणि शेवटाला जाड झाली, अगदी काकूंची व्हायची तशी.

काका तिच्याकडे बघत राहिले.

"हौ," ते म्हणाले. "अशीच."

तो पतंग त्यांनी रुमालात ठेवून घरी नेला. बाकीचे मी वाटले.

पुढची संक्रांत काकांनी पाहिली नाही. त्यांचा ओव्हन लेकीनं मला देऊन टाकला. दरवर्षी मी पतंग करते, वाणही लुटते. दोघांची फार आठवण येते. रंगवायला बसले की एक बिस्किट कोरं बाजूला ठेवते आणि शेजारी खुर्ची ओढून थोडा वेळ नुसतीच थांबते.