बॅनरवरची बाई

महिला दिनाला लकडगंजातल्या एका मंडळाने मला भाषणाला बोलावलं. विषय होता, जाहिराती आणि मालिका बाईचं रूप कसं बदलून टाकतात. मी तावातावानेच गेले. सभागृहाच्या दारावर भलंमोठं बॅनर होतं. त्यावर मंडळाचे झाडून सगळे पुरुष हात जोडून उभे, आणि खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी मी. मी पाठवलेल्या फोटोतला चष्मा आणि पांढरे केस गायब केले होते, रंग दुधासारखा केला होता आणि कपाळावर ठसठशीत टिकली आणून लावली होती. माझ्या आईनेही ओळखलं नसतं.

दारातल्या कार्यकर्त्यानेही नाही ओळखलं. म्हणाला, "काकू, मागं बसा. समोरच्या खुर्च्या पाहुण्यायसाठी हायेत."

"अरे, त्या बॅनरवरची बाई मीच आहे!"

त्याने बॅनरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीने म्हणाला, "काहून मजाक करून राहिल्या, काकू? मॅडम येऊनच राहिल्या."

मी तणतणत मागच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, येऊ दे तिलाच. बाईचं रूप कसं बदलतात, ते माझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक.