उदयसिंहांचं झाड

सोलापुरात वैराग रोडनं निघालं की डाव्या हाताला, रस्त्यापासून जरा आत, एक एकटा कडुलिंब आहे. आसपास दुसरं झाड नाही. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांच्या भिंतीवर हा लिंब काळ्यापांढऱ्या रंगात टांगलेला आहे, आणि खाली कोपऱ्यात सही आहे, उदयसिंह. शहरातल्या फोटोग्राफरांच्या छायामित्र मंडळाचे अध्यक्ष. या एका झाडावर त्यांनी कितीतरी बक्षिसं आणली. लोक त्याला उदयसिंहांचं झाड म्हणायचे.

अकबरी शेखनं ते झाड त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरवलं, त्याला कारण होतं.

अकबरीचा नवरा हारून लग्नाचे फोटो काढायचा. नई जिंदगी भागात त्यांचा छोटा स्टुडिओ. बाहेरचं काम हारूनचं आणि आतल्या कॉम्प्युटरवरचं अकबरीचं. नवरीच्या चेहऱ्यावरचा दिव्याचा डाग काढायचा, काळोखात बुडालेला मामा उजेडात आणायचा, अल्बमची पानं जुळवायची, हे ती वर्षानुवर्षं करत आली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हारून गेला. मुलगी समरा कॉलेजात. स्टुडिओ बंद करणं परवडणारं नव्हतं, म्हणून अकबरी पासपोर्टचे फोटो काढू लागली. आणि शुक्रवारी स्टुडिओ बंद असला की हारूनचा कॅमेरा गळ्यात अडकवून स्कूटीवरून गावाबाहेर जायला लागली. माणसांचे फोटो काढून आणि दुरुस्त करून तिला वीट आला होता. मोकळी जमीन बघितली की बरं वाटायचं. रंग काढून टाकले की जमीन जास्त खरी दिसते, असं ती समराला सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मंडळाच्या स्पर्धेत पहिल्यांदा फोटो पाठवला. हिप्परग्याच्या तलावाचं पाणी मागं सरलेलं, चिखलाला भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांमधून गेलेली एका बैलाची पावलं. फोटो निवडला गेला. अकबरी नवी ओढणी घेऊन, समराला बरोबर घेऊन निकालाच्या कार्यक्रमाला गेली.

उदयसिंहांनी तिचा फोटो पडद्यावर लावायला सांगितला आणि माइक हातात घेतला. आवाज अगदी मऊ होता.

"हारूनभाई आमचे मित्र. त्यांची नजर मी कुठंही ओळखतो. भाभींचं दुःख आपण समजू शकतो, पण गेलेल्या माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर स्पर्धेत घेता येत नाही."

फोटो बाद झाला. सभागृहात कुणी हसलं नाही. उलट लोकांनी हळहळून माना हलवल्या, एक बाई तर येऊन तिचा हात दाबून गेली. अकबरीला तेच सहन झालं नाही. ती काही बोलायला उठली, पण पडद्यावर पुढचा फोटो आला, आणि समरा तिला बाहेर घेऊन आली.

दोन दिवसांनी तिनं मंडळाच्या चिटणीसांना मूळ फाइल दाखवली. हारून गेल्यानंतर दहा महिन्यांनी काढलेला फोटो. चिटणीस म्हणाले की कॅमेऱ्यात तारीख कुणीही बदलू शकतं, आणि अध्यक्षांनी विषय संपवलाय. उदयसिंहांनी तर तिचा फोन घेतलाच नाही.

समराचं म्हणणं होतं, सोडून दे. अकबरीनं सोडलं नाही. भाजी चिरताना, कुणाच्या तरी कानामागचे केस सारखे करून पासपोर्टचा फोटो घेताना, तिला तो मऊ आवाज ऐकू यायचा. तिला त्यांची माफी नको होती. त्यांना सगळ्यात प्रिय काय आहे ते तिला हवं होतं, आणि ते काय आहे हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक होतं.

झाड ज्या बांधावर होतं ते रान फुलाबाईंचं. अकबरीनं सरळ जाऊन विचारलं, इथं येऊन फोटो काढले तर चालेल का. फुलाबाईंनी आधी तिला पाणी दिलं.

"या की. झाडाला काय झिजवणार हाय व्हय तुमी?" फुलाबाई म्हणाल्या. "एक सायेब बी येत्यात. पावसाळ्यात, ढग आले की. रस्त्यावरच गाडी हुबी करत्यात, हिकडं कधी आले न्हाईत."

अकबरीच्या मनात तेवढंच राहिलं. ते पावसाळ्यात येतात. रस्त्यावरून.

मग ती बाराही महिने येऊ लागली. ज्वारी डोक्याएवढी झाली की ताटांतून, कापणीनंतर रिकाम्या रानातून, पानगळीत उघड्या फांद्यांखालून. वाईट फोटो शेकड्यानं निघाले. फुलाबाई भाकरी खायला बसवायच्या आणि विचारायच्या, एकाच झाडाचं एवढं काय काढताय. अकबरी म्हणायची, अजून हवं तसं निघालं नाही.

एप्रिलमध्ये, रान नांगरून पडलं होतं तेव्हा, भर दुपारी ती तिथं होती. या वेळेला कुणी फोटो काढत नाही. ऊन डोक्यावर, सावली पायाशी, सगळं सपाट दिसतं. पण काळ्या ढेकळांतून वावटळ उठली आणि फिरत फिरत झाडाकडं निघाली. अकबरी तोंडाला ओढणी बांधून तिच्यासमोरच उभी राहिली. नाकातोंडात माती गेली, डोळ्यांना दिसेना, कॅमेऱ्याच्या बटणावरचं बोट मात्र तिनं उचललं नाही. घरी येऊन बघितलं तर शेवटून दुसऱ्या फोटोत झाड अर्धं धुळीत विरघळलेलं, अर्धं काळं ठळक, आणि नांगराच्या रेघा सगळ्या त्याच्याकडं धावत निघालेल्या. तिनं तो आधी समराला दाखवला नाही. एकटीच कितीतरी वेळ बघत बसली.

पुण्याच्या राज्य स्पर्धेत उदयसिंह दरवर्षी फोटो पाठवायचे. अकबरीनं तिथंच पाठवला, त्याच विभागात, आणि नाव दिलं 'वैराग रोडचा लिंब'. परीक्षकांसमोर एकाच झाडाचे दोन फोटो आले. अकबरीला पहिलं बक्षीस मिळालं. उदयसिंहांचा फोटो प्रदर्शनात लागलासुद्धा नाही. ते कळलं तेव्हा अकबरी स्टुडिओत एका शाळकरी पोराचा फोटो घेत होती. पोराला तिनं फुकटात चार प्रती जास्त दिल्या.

सोलापूरच्या बाईला राज्यात पहिलं बक्षीस म्हटल्यावर मंडळाला सत्कार करणं भाग पडलं. तेच सभागृह, तेच अध्यक्ष. उदयसिंहांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "हारूनभाईंच्या मिसेसनी आपल्या शहराचं नाव मोठं केलं."

अकबरी खाली बसली नाही.

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. माइकवर सगळ्यांना ऐकू गेलं. "हा फोटो कुणी काढला ते नावानं सांगा."

"अकबरी शेख यांनी," ते म्हणाले.

"आणि तलावाचा?"

उदयसिंहांनी सभागृहाकडं बघितलं. कुणी मदतीला आलं नाही.

"तोही त्यांचा असेल."

"असेल नको. होता म्हणा."

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मग ते म्हणाले, "होता." अकबरीनं शालीची घडी घातली आणि खुर्चीवर जाऊन बसली. आतून एवढं गोड वाटत होतं की तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

त्यानंतर उदयसिंहांनी अध्यक्षपद सोडलं. पुण्याच्या पुढच्या दोन स्पर्धांत भाग घेणाऱ्यांच्या याद्यांत त्यांचं नाव नव्हतं. पहिल्यांदा अकबरी खूश झाली. दुसऱ्यांदा तिनं यादी पुन्हा वाचली. तिलाही बक्षीस नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ते नसल्याचं वाईटही वाटलं नव्हतं. फोटो पाठवताना हातात पूर्वीचा जोर नव्हता. ज्याला खाली पाडायचं तोच उभा नसेल तर काय करायचं, हे तिला कळेना.

तिनं त्यांना फोन केला. या वेळी त्यांनी उचलला.

"फोटो पाठवा," ती म्हणाली. "पुण्याच्या स्पर्धेला अजून आठ दिवस आहेत."

"कशाला? परत हरवायला?"

"होय."

त्यांनी फोन ठेवला.

पण फोटो पाठवला. निकाल आला तेव्हा समरानं मोबाइलवर वाचून दाखवला. उदयसिंह पहिले, अकबरी दुसरी. त्यांचा फोटो भीमेच्या कोरड्या पात्राचा होता, नुसती वाळू आणि त्यावर एका पडक्या काठाची लांब सावली. झाडाबिडाचा पत्ता नव्हता. अकबरीनं तो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात चूक शोधली. सापडली नाही.

"अच्छा निकाल्या है," ती दातओठ खात समराला म्हणाली, आणि मोबाइल पालथा ठेवला.

त्या शुक्रवारी तिनं स्कूटी करकंबच्या दिशेनं काढली. कुणीतरी ऊस गेल्यावर रानात पाचट पेटवलं होतं आणि पांढरा धूर जमिनीलगत पसरत चालला होता. अकबरी धुराच्या आत शिरली, गुडघ्यावर बसली आणि डोळे पुसत पुसत फोटो घ्यायला लागली. पुण्याला परत तेच नाव यादीत असणार होतं, आणि या वेळी ते तिला आपल्या खाली हवं होतं.