बंद गाडीचा आरपीएम

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगू का, वाचून झाले की गालात हसतो. भूत, भानामती, चकवा... मला कधी पटलंच नाही. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. नारायणगावात बरीच वर्षं स्वतःचं गॅरेज चालवतोय. हॉर्न आपोआप वाजतो, लाइट आपोआप लागतात, म्हणून घाबरून आलेली कितीतरी गिऱ्हाइकं पाहिलीत. शेवटी निघतं काय? घासलेली वायर, नाहीतर उंदराने कुरतडलेली. त्यामुळे हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जुन्नरच्या पेठेत कांतीशेठ म्हणून कापडाचे व्यापारी होते. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बोलणं अस्सल जुन्नरी. त्यांना जुन्या गाड्यांचं वेड. मुंबईहून त्यांनी एक विलायती स्पोर्ट्स कार आणली होती... दोनच सीट, बाटलीसारखा गडद हिरवा रंग, आणि बुटकी इतकी की बसताना आधी डोकं आत घालावं लागायचं.

एके दिवशी शेठ ती घेऊन गॅरेजवर आले.

"भाऊ, काटा नाचतोय राव," ते म्हणाले.

"कुठला काटा?"

"आरपीएमचा. इंजिन एका लयीत चाललंय, आन् हा बघावं तेव्हा उड्या मारतोय. पुण्यात दोघांना दाखवली. दोघंही म्हणाले, मीटर बदला. आता हा मीटर मिळायचा कुठं?"

आरपीएम मीटर, म्हणजे टॅकोमीटर. इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवतो. या गाडीत त्याला दोन गोष्टी लागत. बॅटरीचा करंट, आणि इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलकडून येणारा सिग्नल. दोन्हींपैकी एक जरी तुटलं तरी काटा शून्यावर. त्यात गूढ काही नाही. मी आधी अर्थिंग साफ केलं, मग दुसऱ्या गाडीचा मीटर जोडून पाहिला. तोही नाचला. म्हणजे मीटर निर्दोष, दोष वायरिंगमध्ये. कॉइलपासून वायर चाचपत आलो, तर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात ती सोलून निघालेली! गाडीला धक्का बसला की तांबं पत्र्याला टेकायचं. नवी वायर टाकली, भोकात रबर बसवलं. काटा सुतासारखा सरळ.

"खराब रस्त्यावर नेऊन बघू," मी म्हणालो. "फॉल्ट धक्क्याचा होता, तर टेस्टही धक्क्यावरच पाहिजे."

"मग घाटघरचा रस्ता," शेठ हसत म्हणाले. "त्याच्याएवढे धक्के तालुक्यात कुठं नाहीत!"

दुपारी आम्ही जुन्नरहून निघालो. उन्हाळ्याचे दिवस. आपटाळे मागे पडलं, वस्ती विरळ झाली. तेव्हा त्या रस्त्याला एसटी सोडली तर फारशी वाहनं नसायची. गाडी खड्ड्यांतून आदळत होती, शेठ प्रत्येक आदळण्याला हळहळत होते, आणि मी चालवता चालवता काट्याकडे बघत खुशीत होतो. नाचत नव्हता बेटा.

घाटघरच्या अलीकडे एक चढाचं वळण आहे. तिथे काटा एकदम शून्यावर पडला.

इंजिन व्यवस्थित चालू होतं. मी म्हणालो, "सुटली वाटतं वायर." एवढं म्हणतोय तोवर काटा परत उठला. सावकाश दोन हजारांपर्यंत गेला, खाली आला. परत गेला, खाली आला. मग जरा थांबला, आणि पुन्हा तेच. माझा पाय ॲक्सिलेटरवर एकाच जागी होता.

गाडी बाजूला घेतली. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली.

काटा चालूच.

"बंद केली ना?" शेठनी विचारलं.

"केली. बॅटरीचा कुठूनतरी शॉर्ट असेल." मी उतरलो, बॅटरीची टर्मिनल सोडवली, दोन्ही. आता त्या गाडीत करंटचा थेंब नव्हता. हे मी छातीठोक सांगतो, माझा धंदाच तो आहे. परत येऊन बघतो तर शेठ सीटवरून उठून बाहेर उभे. काटा वर जात होता, खाली येत होता... कुणीतरी थांबून थांबून ॲक्सिलेटर दाबावा तसा.

"अनिलभाऊ, ही गाडी इथंच सोडू. चला."

"थांबा हो शेठ. कारण असल्याशिवाय असं होत नाही."

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण रागच जास्त आला होता. दुरुस्त केलेली वस्तू डोळ्यांसमोर चुकते म्हणजे काय! विचार करत रस्त्याच्या कडेला गेलो, तर कडेचे दगड ताजे उखडलेले दिसले. खाली करवंदीच्या जाळीत एक पोतं अडकलं होतं. फाटलेलं, त्यातून हिरडा सांडलेला. आणि त्याच्याही खाली, झाडीत, एका टेम्पोची मागची बाजू.

मी हाक मारली. खालून अगदी बारीक आवाज आला, "ओ पावणं..."

शेठना म्हटलं, "पळा, माणसं आणा!" बॅटरी जोडून दिली आणि ते गाडी घेऊन घाटघरला गेले. पाण्याची बाटली घेऊन मी बुंध्यांना धरत खाली उतरलो. ड्रायव्हर घाटघरचाच, दत्तू नावाचा. हिरड्याची पोती घेऊन सकाळीच जुन्नरला निघाला होता. समोरचा पत्रा आत दबून त्याचा पाय अडकला होता. ओठ कोरडे पडलेले. रुमाल पाण्यात भिजवून मी त्याच्या तोंडात पिळला.

"सकाळधरनं हाका मारतोय," तो म्हणाला. "यष्टी वरनं गेली. कुनी आयकलं न्हाई."

माणसं आली, पहारी आल्या. पत्रा वाकवून त्याला काढलं, घोंगडीत घालून वर आणलं आणि जीपने जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. रक्त बरंच गेलं होतं. संध्याकाळपर्यंत राहिला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी शेठ आणि मी त्याला भेटायला गेलो. पाय वाचला होता. त्याची बायको आम्हाला सोडायलाच तयार नव्हती, चहा झाल्यावर पुन्हा चहा. राहवेना म्हणून मी विचारलं, "दत्तूभाऊ, टेम्पोचं इंजिन किती वेळ चालू होतं?"

"छे! पडल्या पडल्या बंद झालं. डिझेल समदं सांडलं व्हतं."

"मग अडकून पडल्यावर तू काय करत होतास?"

तो जरा ओशाळला. "काय करनार? पाय अडकला व्हता तो नेमका ॲक्सिलेटरवरच. तेवढाच हालत व्हता. बंद हाय हे म्हाईत व्हतं, पन तरीबी दाबत व्हतो. असं... दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. मग कळ यायची, वाईच थांबायचो. वाटायचं, जाईल कुनाला तरी आवाज."

बोलता बोलता तो हाताचा पंजा वर-खाली करून दाखवत होता. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. त्या पंजाची लय मी ओळखली होती.

यावर मी खूप डोकं चालवलंय. डिझेल इंजिनला कॉइलच नसते, म्हणजे चालू असतं तरी सिग्नल आला नसता. मीटर उघडून पाहिला. आत काही बिघाड नाही. त्यानंतर शेठनी ती गाडी पुढे कित्येक वर्षं चालवली, त्याच वळणावरूनही नेली, काटा कधी चुकला नाही. शेठ म्हणतात, देवाची करणी. दत्तूला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

तुम्ही इथे मेलेल्या माणसांबद्दल लिहिता. माझ्या अनुभवात मेलेलं कुणीच नाही. एक जिवंत माणूस होता, मदत मागत होता, आणि ती मागणी कुठल्याही वायरशिवाय आमच्यापर्यंत आली. कशी आली, ते मला माहीत नाही. वायरिंगमध्ये मी क्वचितच हरतो, मंडळी... पण इथे हरलो, आणि हरलो याचं मला जराही वाईट वाटत नाही.